महामार्गाच्या कडेला नवे गावकूस उभारू नका!

‘प्रस्तावित महामार्गालगत निवासी प्लॉट, सुलभ हप्ते, मोजकेच शिल्लक!’ नागपूर असो, अमरावती असो, नाशिक असो की पुणे, शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर असे फलक उभे आहेत. फलकावरचा महामार्ग रुंद, स्वच्छ आणि दोन्ही बाजूंनी झाडांनी नटलेला असतो. प्रत्यक्षात तिथे तुरीचे शेत असते आणि शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. या फलकांचे गिऱ्हाईक कोण, हे पाहायला गेले तर आपल्या समाजातला नोकरदार वर्ग त्यात मोठ्या संख्येने दिसतो. रेल्वेतून, वीज मंडळातून, टपाल खात्यातून, आयुध निर्माणीतून, नगरपालिकेतून निवृत्त झालेला माणूस क्वार्टर सोडतो. हातात ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम असते. गावी परत जायचे नसते, शहराच्या आत घर परवडत नाही. मग तो शहराच्या टोकाला जातो आणि टोकाला त्याला हा फलक भेटतो.

ही रक्कम साधी नाही. ज्या घराण्यात बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्या घराण्यात पहिल्यांदा एकरकमी आलेला हा पैसा आहे. तो एकदा चुकीच्या जागी अडकला की नातवंडांच्या शिक्षणाचा पैसा अडकला असे समजावे. म्हणून नव्या महामार्गाजवळ घर घेताना कोणती वस्ती निवडावी, हा विषय घरगुती म्हणून सोडून देता येत नाही. तो समाजाचा विषय आहे आणि त्यावर विहारात, संघटनांच्या बैठकीत, वर्तमानपत्रात बोलले गेले पाहिजे.

इतरांसाठी घर निवडणे म्हणजे दर, पाणी आणि अंतर. आपल्यासाठी या यादीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे आडनाव. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या संस्थानच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि काही दिवसांतच तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज लाठ्या कोणी आणत नाही. आज गोड बोलून ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ असे विचारले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती खोली ‘आधीच गेलेली’ असते. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. नाव कळताच दलितांना आणि मुसलमानांना नकार मिळतो, ही आपल्याला अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी पद्धतशीर नोंदवून दाखवली.

ज्याला शहराच्या पोटात जागा नाकारली जाते तो कडेला जातो. आणि महामार्ग, बायपास, रिंगरोड हे नेमके कडेनेच आखले जातात. म्हणजे आपली नवी वस्ती आणि नवा महामार्ग यांची गाठ पडणे हा योगायोग नसतो. गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. शहरात ती महामार्गापलीकडे जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे काय? माझे म्हणणे असे की, आहे. मात्र त्यासाठी फलकावरचे चित्र बाजूला ठेवून महामार्ग म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे लागेल.

‘महामार्गालगत’ या शब्दाने पहिली फसगत होते. आपल्या डोळ्यांसमोर जुना रस्ता असतो. त्यावर एसटी थांबते, कडेला चहाची टपरी निघते, पोराला सायकल दुरुस्तीचे दुकान टाकता येते. नवे द्रुतगती महामार्ग तसे नसतात. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गच घ्या. दीक्षाभूमीच्या शहराला चैत्यभूमीच्या शहराशी जोडणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. त्यावर वाटेल तिथून चढता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरूनच जाता येते. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना त्यावर मुळीच परवानगी नाही. आता सांगा, ज्याच्याकडे एक जुनी स्कूटर आहे आणि ज्याची मुलगी ऑटोने कॉलेजला जाते, त्याच्या घरामागून असा महामार्ग गेला तर त्याला काय मिळाले? आवाज मिळाला, धूळ मिळाली आणि पलीकडच्या शाळेला जायला मोठा वळसा मिळाला! चारचाकीवाल्यासाठी जो रस्ता आहे, तोच पायी चालणाऱ्यासाठी भिंत आहे.

म्हणून एजंटला ‘महामार्ग किती जवळ आहे?’ असे विचारू नका. ‘महामार्गावर चढायचे कुठून आणि तो ओलांडायचा कुठून?’ असे विचारा. इंटरचेंज किती किलोमीटरवर आहे, सेवा रस्ता आराखड्यात आहे काय, भुयारी मार्ग कोणत्या गावाजवळ आहे आणि त्यात पावसाळ्यात पाणी साचते काय, ही उत्तरे मिळाल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नका.

दुसरी फसगत ‘प्रस्तावित’ या शब्दाने होते. प्रस्तावित म्हणजे झालेला नव्हे, होणारच असेही नव्हे. पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचे उदाहरण ताजे आहे. १२ जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्याला शेतकऱ्यांनी, विशेषतः कोल्हापूर भागातील शेतकऱ्यांनी, कडाडून विरोध केला. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, तरी विरोध थांबला नाही आणि आखणी बदलण्याची भाषा सरकारला करावी लागली. शेतकऱ्याचा तो हक्कच आहे. परंतु केवळ नकाशावरच्या रेषेवर विश्वास ठेवून ज्याने प्लॉट घेतला, त्याचे काय? रेषा दूर सरकली तर त्याचा प्लॉट माळरानात पडतो. रेषा जवळ सरकली तर प्लॉटच रस्त्यात जातो. दोन्ही वेळा एजंटचे कमिशन मात्र त्याच्या खिशात गेलेले असते.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. त्यातील कलम ३-अ खाली संपादनाच्या इराद्याची अधिसूचना निघते. त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. पुढे कलम ३-ड खाली घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची होते. अधिसूचनेत गट क्रमांक छापलेले असतात. आपला गट क्रमांक त्यात आहे काय, हे भूसंपादन कार्यालयात जाऊन पाहायला अर्धा दिवस लागतो. आयुष्यभराच्या कमाईसाठी अर्धा दिवस काढणे जड जाऊ नये.

शिवाय संपादन झाले नाही म्हणून जागा मोकळी झाली, असे होत नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांनुसार मोकळ्या सपाट प्रदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरली जाते. इमारत रेषेच्या आत घर बांधायचे नाही आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यातील बांधकामावर नियंत्रण राहते. लेआउटमध्ये सर्वांत महाग विकले जातात ते नेमके पुढच्या रांगेतले, रस्त्याला भिडलेले प्लॉट. ‘फ्रंटचा प्लॉट आहे साहेब, उद्या गाळे काढा!’ असे सांगून जास्त पैसे घेतले जातात आणि बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर कळते की अर्ध्या प्लॉटवर विटेवर वीट ठेवता येत नाही.

कागदांच्या बाबतीत नागपूरकरांना फार सांगायची गरज पडू नये. ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या अनधिकृत लेआउटमध्ये किती कुटुंबांनी नियमितीकरणासाठी आणि आर.एल. पत्रासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले, हे त्यांना ठाऊक आहे. २००१ साली गुंठेवारी कायदा आला तो अशाच लोकांमुळे. एकदा पोळलेल्या समाजाने पुन्हा त्याच निखाऱ्यावर हात ठेवू नये. सातबारा, फेरफार, अकृषक आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि झोन दाखला, हे पाच कागद आधी मागा. झोन दाखल्यावरून कळते की विकास आराखड्यात ही जागा निवासी आहे, शेतीची आहे की रस्त्यासाठी आरक्षित आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा नवा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी लागते. ती नसेल तर तिथूनच परत फिरा. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला प्लॉट म्हणजे मालकी नव्हे.

यातच एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपल्याच लोकांचे लक्ष जात नाही. शहराभोवतीच्या कितीतरी जमिनी मुळात महार वतनाच्या आहेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते, कारण वतनाने समाजाला वेठबिगारीला बांधले होते. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही महामार्गाची कुणकुण लागली की धनदांडगे आधी पोहोचतात, वतनदाराच्या गरजू वारसाकडून मातीमोल भावाने सह्या घेतात आणि मग त्याच जमिनीचे प्लॉट पाडतात. पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून २०२५च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा कुठे हा विषय मोठ्या वर्तमानपत्रांत आला. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असा शेरा दिसला तर थांबा. कदाचित तुम्ही तुमच्याच भावाची बुडवलेली जमीन चढ्या भावाने विकत घेत असाल, आणि तीही बेकायदेशीर!

आता वस्तीची निवड. मी सरळ सांगतो, घर रस्त्याच्या त्या बाजूला घ्या जिकडे शाळा, दवाखाना आणि बाजार आहे. दुसऱ्या बाजूला प्लॉट स्वस्त मिळतो याचे कारणच हे असते की रोज रस्ता ओलांडण्याची किंमत खरेदीखतात लिहिलेली नसते. ती आपली लेकरे आणि आपल्या म्हाताऱ्या आया भरतात. जी मुलगी आठवीपर्यंत चालत शाळेत गेली, तिच्या आणि नववीच्या वर्गाच्या मध्ये महामार्ग आला तर ‘पोरीला कशाला त्या गाड्यांच्या रस्त्यावरून पाठवायचे’ म्हणून तिचे शिक्षण थांबते. तिचे नाव अपघाताच्या नोंदीत येत नाही, म्हणून तिची मोजदाद कोणी करीत नाही.

अंतराचाही विचार करा. मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित होतो, असे अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या २०१०च्या अहवालात नोंदवले आहे. आवाजाबाबत २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्रभर ट्रक धावणाऱ्या रस्त्याच्या कडेला ती कशी पाळली जाणार? दम्याचा रुग्ण घरात असेल, दहावीचा मुलगा अभ्यासाला बसत असेल, तर अर्धा-पाऊण किलोमीटर आत राहणे शहाणपणाचे. रस्त्याचा फायदा तिथूनही मिळतो.

महामार्ग आणि नाकारलेल्यांच्या वस्त्या यांचे नाते फक्त आपल्याकडे आहे असे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडे पाहून. म्हणून त्यांचा हा इतिहासही आपण वाचला पाहिजे. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेने शहरांच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या आणि तिथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. १९५६ साली, म्हणजे इकडे दीक्षाभूमीवर धम्मक्रांती घडली त्याच वर्षी, तिकडे आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. मग रस्त्यांच्या रेषा आखल्या गेल्या त्या याच वस्त्यांमधून. मिनेसोटातील सेंट पॉल शहरातली रोंडो ही नांदती वस्ती महामार्गाने मधोमध चिरली आणि सुमारे ६०० कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे गेली. मायामीच्या ओव्हरटाउनचे तेच झाले. ज्या जमिनीची किंमत व्यवस्थेनेच पाडून ठेवली, तीच जमीन रस्त्यासाठी ‘स्वस्त’ ठरली! २०२१च्या कायद्यात अशा तोडलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्यासाठी १ अब्ज डॉलरची तरतूद करण्याची वेळ अमेरिकेवर आली. चिरलेली वस्ती मात्र पैशाने पूर्वीसारखी होत नाही.

आणि आपल्या घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर? पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेली ही वस्ती. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करायला लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. आज त्याच वस्तीच्या पट्ट्यातून पूर्व मुक्तमार्गाचा ठाण्याकडे विस्तार होत आहे आणि सुमारे १७ हजार झोपड्यांच्या पुनर्विकासाचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. भाडे घेऊन तात्पुरते बाहेर पडणारी कुटुंबे कुठे जातात, परत येतात काय, पात्रतेच्या यादीतून कोण गळतो, यावर समाजाची नजर पाहिजे. ज्या वस्तीने रक्त सांडले, ती रस्त्यासाठी विस्कटली जाऊन पुन्हा एकत्र आलीच नाही, असे होता कामा नये. महामार्गाने ज्यांना निवडीची संधीच दिली नाही, अशांसाठी २०१३चा भूसंपादन कायदा आहे. त्यात सातबारा नसलेला भूमिहीन मजूरही, तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरत असेल तर, बाधित कुटुंबात धरला आहे. २०१५च्या केंद्रीय आदेशाने भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाल्या. परंतु मागितल्याशिवाय हे मिळत नाही, आणि मागायला आधी माहीत पाहिजे.

काही बांधव म्हणतील, ‘तुम्ही नुसती भीती घालता. ज्यांनी आधी जमिनी घेतल्या ते कोट्यधीश झाले, आपण कागद तपासत मागेच राहायचे काय?’ हा आक्षेप खोटा नाही. रस्ता आला की भाव वाढतो आणि त्या वाढीत आपला वाटा असलाच पाहिजे. परंतु जे कोट्यधीश झाले त्यांना रेषा कुठून जाणार हे आधी कळले होते. ते फलक वाचून गेले नव्हते, आराखडा वाचून गेले होते. आपल्याला मंत्रालयातून कोणी फोन करणार नाही. म्हणून आपल्याजवळ जे आहे ते वापरावे लागेल. माहितीचा अधिकार आहे. आपल्यातच वकील आहेत, अभियंते आहेत, नगररचना विभागातून आणि भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. प्रत्येक मोठ्या विहारात महिन्यातून एक रविवार त्यांनी बसावे आणि प्लॉट घेऊ पाहणाऱ्याचे कागद तपासून द्यावेत. त्याला पैसा लागत नाही, इच्छा लागते. दहा-वीस कुटुंबांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि एकाच मंजूर लेआउटमध्ये जागा घेतली, तर आडनाव विचारणाऱ्याची मिजास उरत नाही आणि भुयारी मार्गाची, बसथांब्याची मागणी करायला एक आवाज तयार होतो. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांची मुदत असते. तेव्हा अर्ज करणारे दहा हात वर आले पाहिजेत. रस्ता झाल्यावर केलेल्या रास्ता रोकोपेक्षा रस्त्याआधी दिलेला एक लेखी अर्ज जास्त काम करतो.

बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके म्हटले आणि समाजाला तिथून बाहेर पडायला सांगितले, ते शहराच्या कडेला दुसरे डबके शोधण्यासाठी नव्हे. स्वतः बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतून दादरच्या हिंदू कॉलनीत गेले आणि तिथे त्यांनी ‘राजगृह’ उभारले. ते घर त्यांनी पुस्तकांसाठी बांधले. घर निवडण्याची कसोटी त्यांनी आपल्या कृतीने घालून दिली आहे. ज्या जागी आपली मुले शिकतील, ज्या जागेवर आपला कायदेशीर हक्क कोणी हिरावू शकणार नाही आणि जिथून शहराच्या मध्यभागी जायला आपल्याला कोणाची परवानगी लागणार नाही, ती वस्ती आपली.

समाजबांधवांनो, महामार्ग येणार असतील तर येऊ द्या. मात्र त्यांच्या नकाशात आपले घर कुठे आहे, हे एजंटने सांगण्याआधी आपल्याला माहीत असले पाहिजे. गावकूस आपल्या पूर्वजांनी निवडले नव्हते, ते त्यांच्यावर लादले गेले होते. आपण स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सहीने ते विकत घेऊ नये.

जय भीम!